मृगातील हिरवी रेषा आणि पुण्याची वेधशाळा

पुनावळे : महामार्गालगतच्या सोसायट्यांचा लखलखाट असतानाही थंडीच्या रात्री येथून मृग नक्षत्र ओळखता येते. या नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट १८९१ मध्ये पुण्यातून तपासणारे शास्त्रज्ञ म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ मध्ये जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशातील सर्वांत मोठी होती.

नायगमवाला इंग्लंडला गेले असता त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांत नॉर्मन लॉकियर होते. तेजोमेघातील ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असे लॉकियर यांचे प्रतिपादन होते. ते खरे असते, तर रेषा एका बाजूस पुसट दिसायला हवी होती. पुण्याहून ती दोन्ही बाजूंनी सुस्पष्ट दिसली आणि नायगमवाला यांनी तसे प्रसिद्धही केले. ज्यांचा सल्ला घेतला त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध, तेही वसाहतीतील एका प्राध्यापकाने लिहिणे, ही साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग आकाशाच्या काचेच्या प्लेटा चाळून, वर्णपटावरून रूपविकारी तारे हुडकीत होत्या. ताऱ्यांचा असा शोध आज संगणकाकडे गेला आहे. सर्वेक्षणांतील प्रचंड माहिती हाताळण्यासाठी पुण्याच्या 'आयुका'ने 'पर्सिस्टंट'च्या साथीने सॉफ्टवेअर तयार केले. नायगमवाला यांच्यापाशी मात्र अशी साधने नव्हती.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथेच होते. लॉकियर विजयदुर्गावर होते.

वेधशाळेची सारी मदार एकाच माणसावर होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. त्यांचा वारसदार घडविण्याची तसदी कोणी घेतली नाही. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. ती दुर्बीण तेथे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुण्याचे नाव मागे पडले.

हिरव्या रेषेचे कोडे १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी सोडविले. उष्ण ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती. नायगमवाला तेव्हा सत्तरीत होते. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.