पंडिता रमाबाई : विलायतेतील विद्यार्थिदशा आणि दारिद्र्यदर्शन

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) इंग्लंडमधील वास्तव्याचा विचार बहुधा त्यांच्या धर्मांतराच्या अंगानेच होतो. तेथील दारिद्र्यदर्शन मात्र काहीसे उपेक्षित राहिले आहे. वस्तुतः ही दोन्ही सूत्रे परस्परांत गुंतलेली आहेत.

दारिद्र्य रमाबाईंना अपरिचित नव्हते. १८७०नंतरच्या दुष्काळी भटकंतीत त्यांनी आईवडील गमावले होते. 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) या ग्रंथाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ मध्ये त्या कन्येसह विलायतेस गेल्या. वैद्यकीय शिक्षणाचा हेतू श्रवणदोषामुळे सफल झाला नाही. वाँटिज येथील मठात राहत असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आश्रयगृह पाहावयास मिळाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे ख्रिस्ती भगिनी पुन्हा माणसांत आणीत. राज्यकर्त्यांच्या देशातही निराधार स्त्री आहे, यापेक्षा तिला परतीची वाट आहे, ही गोष्ट त्यांच्या मनावर अधिक खोल ठसली. त्यांच्या आत्मनिवेदनात बाप्तिस्म्याचा उल्लेख या अनुभवानंतर येतो, हे लक्षणीय आहे.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतही असत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. १८८९ मध्ये परतताच त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' स्थापिले. अमेरिकेचे प्रवासवृत्तही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपासमारीने गांजलेल्या स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. केडगावच्या 'मुक्ति'कार्यामागे बालपणीची भूक जितकी आहे, तितकेच फुलहॅमही आहे.