अर्धपोटी, पण बरोबरीने!

इंग्लंडला जाऊन आलेला माणूस तिथल्या खाण्याचे कौतुक हमखास सांगतो. हल्ली आमच्या समाजाची मुलेमुलीही तिथे शिकायला जातात आणि नव्या नव्या पदार्थांचे फोटो घरी पाठवतात. आम्हाला याचा आनंदच आहे. पण शंभर वर्षांपूर्वी त्याच लंडनमध्ये विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ताटात काय पडत होते, हे या लेकरांना ठाऊक हवे.

त्यासाठी आधी १९०१ साल आठवावे लागेल. लहानगे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा कुठे गाडी मिळाली. सोबत घरचे भरपूर जेवण होते. पण वाटेत कुणी पाणी दिले नाही. पाण्यावाचून घास कसा गिळणार? डबा भरलेला आणि मुले उपाशी झोपली!

आता लंडन पाहा. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब परतले होते. सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० साली पुन्हा निघाले.

तिथल्या खाणावळीचे वर्णन चरित्रकारांनी करून ठेवले आहे. सकाळी माशाचा एक तुकडा, कपभर चहा आणि जॅमचे बोट फिरवलेला टोस्ट. दुपारचे जेवण बहुधा टळतच असे. संध्याकाळी बिस्किटे, लोणी आणि कपभर बोव्हरिल. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. घरी मुंबईत माता रमाई तितक्याच ओढग्रस्तीत संसार रेटत होत्या.

बोव्हरिल म्हणजे गोमांसाच्या अर्काचे गरम पेय. ज्या मांसावरून आमच्या बापजाद्यांना इथे हिणवले गेले, त्याचाच अर्क तिथला प्रतिष्ठित माणूस खुशाल पीत होता आणि त्याने कुणी बाटत नव्हते! मग विटाळ मांसात होता की मनुवाद्यांच्या मनात? अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाशी कसे जोडलेले आहे, हे बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ग्रंथात साधार मांडले.

लंडनमध्ये त्यांचे पोट अर्धे राहिले ते पैशाअभावी. परंतु कप पुढे करताना कुणी जात विचारली नाही. मायदेशात डबा भरलेला असून घोटभर पाणी नाकारले गेले. या दोन भुकांमधला फरक ज्याला कळला, त्याला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी का प्राशन केले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्या अर्धपोटी दिवसांतून १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी.एस्सी. अशा पदव्या आल्या. ते १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. चांगले झाले. पण स्मारकाला हार घालणाऱ्यांना आम्ही वकील म्हणून एक विचारतो. परदेशी शिकणाऱ्या आमच्या मुलांचा शिष्यवृत्तीचा हप्ता लांबतो, तेव्हा त्यांनीही पापड भाजूनच दिवस काढायचे काय? बाबासाहेबांनी उपास सोसला तो पुढच्या पिढीला सोसावा लागू नये म्हणून. शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, हक्क आहे. समाजबांधवांनो, हप्ता थकला तर गप्प बसू नका. अर्ज करा, माहिती मागवा, वेळ पडली तर कोर्टाची पायरी चढा.

जय भीम!