अमेलिया इअरहार्ट : शोध थांबला, तर्क थांबले नाहीत

विमानाने अटलांटिक ओलांडणारी पहिली महिला हा मान अमेलिया इअरहार्ट यांना १९२८ मध्ये मिळाला. परंतु त्या विमानात त्या केवळ प्रवासी होत्या. अमेरिकेतील कान्सास राज्यात १८९७ साली जन्मलेल्या अमेलिया यांना हा मान अपुरा वाटला. मे १९३२ मध्ये त्यांनी एकटीने विमान चालवीत तोच महासागर पार केला.

१९३७ च्या पृथ्वीप्रदक्षिणेसाठी त्यांनी लॉकहीड इलेक्ट्रा हे प्रवासी बनावटीचे विमान निवडले. आसनांच्या जागी इंधनाच्या टाक्या बसविल्या. कराची, कलकत्ता असे टप्पे घेत त्या न्यू गिनीतील लाए येथे पोहोचल्या. २ जुलै रोजी मार्गदर्शक फ्रेड नूनन यांच्यासह त्या सुमारे ४,१०० किलोमीटर दूरच्या चिमुकल्या हाउलंड बेटाकडे निघाल्या. बेटानजीकच्या इटास्का जहाजावर त्यांचा आवाज ऐकू आला, दुतर्फा संभाषण मात्र जुळले नाही.

जपानच्या कैदेत त्यांचा अंत झाल्याचा तर्क लोकप्रिय असला, तरी त्यास ठोस पुरावा नाही. निकुमारोरो बेटावर १९४० मध्ये सापडलेली हाडे पुढे गहाळ झाली. त्यामुळे तोही दावा अधांतरीच आहे. इंधन संपून विमान हाउलंडजवळ बुडाले, हेच अधिक संभवनीय दिसते. जानेवारी १९३९ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.