घड्याळातला पास्कल

मोखाड्याजवळ सूर्यमाळला ट्रेकला गेलो, तेव्हा दादाचं अल्टिमीटर-होकायंत्रवालं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. रात्री तंबूत झोपलो. सकाळी बघतो तर घड्याळात उंची ३० मीटरने वाढलेली! सगळे हसले. मला मात्र ज्याच्या नावाने आपण दाब मोजतो, तो ब्लेझ पास्कल आठवला.

पास्कल जन्मला १६२३ साली, फ्रान्समधल्या क्लेरमाँला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील करवसुलीचे अधिकारी. त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून पठ्ठ्याने विशीच्या आत गणनयंत्र बनवायला घेतलं. त्या वयात आपण व्हायवाला घाबरतो!

उंचावर हवेचा दाब कमी होतो, हे त्याला दाखवायचं होतं. पण तब्येत नाजूक. मग १६४८ मध्ये त्याचे मेहुणे पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम डोंगर चढले. शिखरावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला. पायथ्याच्या मठात दुसऱ्या नळीवर दिवसभर लक्ष होतं, तिथला पारा हलला नाही. म्हणजे फरक हवामानाचा नव्हे, उंचीचाच. १६६२ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, पास्कल गेला. दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं ते १९७१ मध्ये.

आम्ही तर रात्रभर जागचे हललो नव्हतो. म्हणजे आम्हीच ती पायथ्याची नळी! दाब उतरला होता तो हवामानामुळे. बाकीचे आणखी एक रात्र राहू म्हणत होते. मी हट्टाने तंबू गुंडाळायला लावले. जव्हारच्या एसटीत बसलो आणि पाऊस कोसळला.

आता दादाला घड्याळ परत द्यायचंय. जिवावर आलंय!