सायकलच्या दुकानातून किर्लोस्करवाडीपर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

क्लीटवाले बूट घालून सिंहगडाकडे निघालेले सायकलस्वार पुण्यात आता सर्रास दिसतात. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला आणि पेडलमध्ये खटकन अडकणारा तुकडा. तो अंगठ्यामागच्या फुगीर भागाखाली यायला हवा. फार पुढे बसवला तर पोटरीवर ताण येतो, कोन चुकला तर गुडघा बोंबलतो. शिमानोच्या रोड पेडलच्या पिवळ्या क्लीटमध्ये पाय 6 अंश हलू शकतो, लालमध्ये अजिबात नाही. नवशिक्याने पिवळाच घ्यावा, असं माझं मत. विकत घेणं सोपं, अंगाला जुळवणं हे खरं काम. आपल्याकडे हे फार लवकर ओळखलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी.

त्यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. झालं, चित्रकला सुटली! पण यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही, रेघ लागते. ते शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले.

1888 मध्ये भाऊ रामुअण्णांसोबत त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि 15 रुपये घेऊन चालवायलाही शिकवायची. गिऱ्हाइकाला तोल सांभाळता आला नाही तर सायकल अंगणात गंजणार, हे उघड होतं. आजच्या अ‍ॅपवाल्यांच्या भाषेत हे ऑनबोर्डिंग! पुढे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले.

मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि लोखंडी नांगर. यंत्र तयार होतं, पण लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. औंधच्या राजांनी जमीन आणि कर्ज दिलं, आणि 1910 मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

1946 मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. 1956 मध्ये लक्ष्मणराव गेले. बेळगावात त्यांचं दुकान होतं, तो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.