राजगुरूंचा अमरावतीचा आखाडा

अमरावतीच्या एचव्हीपीएमचं मैदान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. इथे व्यायाम शिकून गेलेल्या एका पोराचं नाव तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, पण त्याचं आपल्या वऱ्हाडाशी असलेलं हे नातं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शिवराम हरी राजगुरू!

जन्म २४ ऑगस्ट १९०८, पुणे जिल्ह्यातल्या खेडचा. वडील लहानपणीच गेले. मिसरूड फुटायच्या वयात शिवरामने घर सोडलं आणि संस्कृत शिकायला थेट काशी गाठली. परक्या गावात जगणं सोपं नव्हतं. त्याच वर्षांत व्यायामाच्या ओढीने तो अमरावतीला आला आणि मंडळात शिकला. पुढे काशीला एका शाळेत तो ड्रिल मास्तर झाला. म्हणजे बघा, आखाड्याने त्याला सगळ्यात आधी स्वतःच्या पायावर उभं केलं.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. चंद्रशेखर आझाद आणि भगतसिंग यांची साथ, १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर झाडलेल्या गोळ्या, १९२९ मध्ये पुण्यात अटक. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत राजगुरू फाशी गेले. वय अवघं २२.

आता त्यांचा फोटो आठवा. पैलवानी थाट कुठेच नाही. ताकद दिसावीच लागते असं थोडंच आहे?

अकोल्यात किंवा अमरावतीत रूम करून पोलीस भरतीची तयारी करत असाल, तर हे तुमच्यासाठीच. भरती निघाली की धावणं, गोळाफेक सुरू. यादीत नाव नाही आलं की सगळं बंद. असं करू नका. भरती हुकली तरी शरीर तुमचंच आहे. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर वापरतात. हाडांवर भार पडला की ती मजबूत होतात, आणि ही पुंजी साधारण तिशीपर्यंतच वाढते. पाठ आणि कंबर दणकट असली, तर अभ्यासिकेतली लांब बैठक किंवा तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवणं जड जात नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यातून किमान २ दिवस आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांना ३ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. जिमची फी नसली तरी अडत नाही. पाच जोर, दहा बैठका एवढ्यावर सुरू करा. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून करा. अंगवळणी पडलं की आकडा वाढवा. मध्ये एक दिवस विश्रांती घ्या, कुठे दुखलं तर थांबा.

जोर मारायला राजगुरूंच्या काळात जेवढी जागा लागायची, तेवढीच आजही लागते. तेवढी तुमच्या रूमवर नक्की असेल.