शाळेआधीचा सराव

जेसी ओवेन्स म्हटले की १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक व त्याची चार सुवर्णपदके डोळ्यांपुढे येतात. मला मात्र त्याच्या शाळेचे दिवस अधिक जवळचे वाटतात.

१९१३ साली अमेरिकेतील अलाबामात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या निग्रो कुटुंबात त्याचा जन्म झाला. पुढे कुटुंब क्लीव्हलँडला आले. घरी त्याला ‘जे. सी.’ म्हणत, बाईंनी ते ‘जेसी’ ऐकले व तेच नाव कायम झाले. शाळा सुटल्यावर त्याला कामावर जावे लागे. म्हणून चार्ल्स रायली सर त्याचा सराव सकाळी, शाळा भरण्यापूर्वी घेऊ लागले. ईस्ट टेक्निकल या सार्वजनिक हायस्कुलात असताना १९३३ मध्ये, शिकागोच्या आंतरशालेय स्पर्धेत तो शंभर यार्ड ९.४ सेकंदांत धावला. ही जागतिक विक्रमाशी बरोबरी होती!

पदवी मात्र त्याच्या हाती आली नाही. १९७२ साली ओहायो राज्य विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८० मध्ये तो वारला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. दुपारनंतर मीही दुकानात कामाला जातो. म्हणून पदकांहून मला रायली सरांची ती सकाळ मोठी वाटते.